फूल कोणत्या फांदीवर?

मांजर्लीतल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकातून आत शिरले की कंपाउंडच्या भिंतीलगत झुडपांची एक रांग दिसते. तगर, एक्झोरा, जास्वंद, मध्येच एखादी बोगनवेल. ठरावीक दिवसांनी माळी येतो, लांब दांड्यांची कात्री दोन्ही हातांत धरतो आणि सगळ्या रांगेचा माथा एका पातळीत आणून जातो. रांग नीटनेटकी होते. फुले मात्र दिसत नाहीत. मग कोणी खत बदलते, कोणी पाण्याला दोष देते, कोणी रोपवाटिकेने भलतेच रोप गळ्यात मारले म्हणते. खरे कारण बहुतेक वेळा त्या कात्रीतच असते. जास्वंद, तगर, एक्झोरा यांची कळी नव्या फुटीच्या शेंड्याजवळ धरते. दर महिन्याला शेंडेच उडवले, तर कळी धरायची कुठे?

छाटणी हा मुळात तारखांचा हिशोब आहे. कात्री हातात घेण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात: या झाडाला फूल नव्या फुटीवर येते की मागच्या हंगामात वाढलेल्या फांदीवर, आणि कापल्यापासून कळी उमलेपर्यंत साधारण किती आठवडे जातात. एवढे कळले की बाकीचे तंत्र चार दिवसांत हाताला येते.

महाराष्ट्राच्या द्राक्ष बागायतदाराला हा हिशोब तोंडपाठ असतो. नाशिक, सांगलीकडे वर्षातून दोनदा वेल छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांत पुढच्या घडांचे डोळे आकार घेतात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच डोळ्यांतून घड बाहेर पडतात. डाळिंबाचा शेतकरी पाणी तोडून बागेला ताण देतो, मग छाटणी आणि खत करून मृग, हस्त किंवा आंबे बहार धरतो. दारापुढच्या मोगऱ्याला आणि गॅलरीतल्या गुलाबालाही हेच शास्त्र लागू पडते.

नदीकाठ, भराव आणि तीन ऋतू

मांजर्ली हे बदलापूर पश्चिमेचे जुने गाव. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जतवरून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे जाऊन वसईच्या खाडीला मिळते. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात पोचली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. परसातली बाग गॅलरीत आणि कंपाउंडलगतच्या हातभर रुंदीच्या पट्ट्यात आली.

इथली हवा झाडाला वर्षातून तीनदा वेगळे वळण देते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ऑक्टोबरपासून हवा कोरडी होते, आणि समुद्र लांब असल्यामुळे थंडीच्या रात्री मुंबईपेक्षा चांगल्याच गार असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात झाड पाने वाढवते, ओल्या जखमेतून बुरशी शिरते. कडक उन्हाळ्यात मोठी छाटणी केली तर सावलीत वाढलेली खोडाची साल एकाएकी उघडी पडून भाजते. म्हणून मोठी कापणी पाऊस सरल्यावर किंवा उन्हाळा तापण्याआधी, आणि मधल्या काळात फक्त शेंडे खुडणे किंवा वाळलेले काढणे, हे या भागाचे ढोबळ वेळापत्रक.

पुराचा धोका नदीकाठच्या प्रत्येक बागेला आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना सोडवून आणावे लागले. अशा वेळी तळमजल्याच्या बागांत पाणी तुंबते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजू लागतात आणि जमीन चिंब ओली असतानाही पाने मलूल होतात. ती तहान समजून कोणी आणखी पाणी घालते आणि झाड हातचे जाते. पूर ओसरल्यावर पानांवरचा गाळ धुऊन काढावा, आळे मोकळे करून पाण्याला वाट द्यावी आणि वाफसा येईपर्यंत कात्री बाजूला ठेवावी. मुळे आजारी असताना पाने कापली तर झाडाची उरलीसुरली कमाईही थांबते. नव्याने लावणी करायची असेल तर वीतभर उंच गादीवाफा करून लावणे शहाणपणाचे.

आणखी एक अडचण दिसत नाही, कारण ती जमिनीखाली असते. नव्या इमारतीच्या कंपाउंडमध्ये वरची चार-सहा इंच लाल माती असते आणि तिच्याखाली विटांचे तुकडे, प्लॅस्टरचे खपले, सिमेंटचा चुरा. या भरावामुळे जमीन विम्ल होते. अनंत आणि एक्झोरा यांना किंचित आम्ल माती लागते. विम्ल मातीत लोह असले तरी ते मुळांना घेता येत नाही. मग शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात; पानावर हिरव्या रेघांची जाळी उठून दिसते. अशा मातीची चिमूट घेऊन तिच्यावर पांढरे व्हिनेगर टाकले आणि ते फसफसले, तर मातीत चुना आहे असे समजावे. लोहयुक्त हिराकस जमिनीत टाकून फार उपयोग होत नाही, कारण तेही तिथेच अडकते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारले तर पाने हिरवी होऊ लागतात. कायमचा उपाय म्हणजे दीड-दोन फूट खड्डा खणून भराव बाहेर काढणे आणि चांगली माती व शेणखत भरणे.

रोप आणतानाही मातीकडे पाहावे. रोपवाटिकांतली पुष्कळ रोपे आंध्र प्रदेशातल्या कडियमहून ट्रक भरून येतात. त्यांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच लावला तर उन्हाळ्यात त्याच्या आत पाणी शिरत नाही आणि पावसात आतले पाणी बाहेर पडत नाही. लावण्याआधी गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या सैल करून घ्याव्यात, म्हणजे मुळे बाहेरच्या मातीत शिरतात.

शेंड्याची हुकमत

शेंडा कापला की खालून दोन-चार फुटवे का निघतात, या प्रश्नाचे उत्तर मिळायला विज्ञानाला शतकभर लागले, आणि ते अजून पुरते संपलेले नाही. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात गवताच्या कोवळ्या अंकुरांवरचे प्रयोग सांगितले. अंकुराच्या टोकाला प्रकाश कळतो आणि तिथून काहीतरी संदेश खाली जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२० च्या दशकात नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंटने ओटच्या अंकुरांची टोके कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवली आणि त्यांत उतरलेल्या संप्रेरकाचा परिणाम दाखवून दिला. हेच ऑक्झिन. १९३३ मध्ये केनेथ थीमन आणि फोके स्कूग यांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा उडवून त्या जागी ऑक्झिन लावले, तेव्हा खालचे डोळे झोपलेलेच राहिले. शेंड्यातून खाली येणारे ऑक्झिन बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही, हे त्यातून पक्के झाले.

पुढे दोन धागे जोडले गेले. २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन नावाची संयुगेही फांद्या फुटण्याला आवर घालतात असे कळले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर पाहिले की शेंडा कापल्यावर खालचा डोळा काही तासांतच हलू लागतो. तिथले ऑक्झिन कमी व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. वाढणारा शेंडा साखर ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, आणि पहिली चालना तिथून मिळते.

बागेत याचा अर्थ सरळ आहे. कात्री लागेल तिथून खालचे एक ते तीन डोळे फुटणार. प्रत्येक फुटीला पाने फुटून कळी धरण्याइतका वेळ मिळाला, तर एका फुलाच्या जागी तीन फुले. तो वेळ मिळण्याआधीच पुन्हा कात्री लागली तर नुसती पाने. पाने कमी झाल्यावर साखर बनवणारेही कमी होतात, म्हणून निरोगी झुडपाचा एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग काढू नये. मोगरा आणि बोगनवेल याहून कडक छाटणी सोसतात, अनंत सोसत नाही.

जास्वंद: चतुर्थीपासून मागे मोजायचे

गणपतीला लाल जास्वंद हवी, आणि नेमकी चतुर्थीच्या आठवड्यातच झाडावर फुले नाहीत, ही घरोघरची गोष्ट. जास्वंदीची मोठी छाटणी फेब्रुवारीच्या मध्यावर करावी. तेव्हा थंडी ओसरत असते आणि ऊन तापलेले नसते. त्यानंतर पावसाच्या तोंडाशी एक हलकी छाटणी लागते, आणि तिची तारीख चतुर्थीवरून काढावी. छाटलेल्या जास्वंदीला पुन्हा भरात यायला दोन ते अडीच महिने लागतात. दहा आठवडे धरले तर २०२५ च्या २७ ऑगस्टच्या चतुर्थीसाठी कात्री १८ जूनला चालवायला हवी होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला गेली, म्हणजे छाटणी ६ जुलैला. तिथीने मोजणाऱ्याला सोपे पडते: दोन्ही वर्षी हा दिवस ज्येष्ठाच्या (अधिक मास असेल तेव्हा निज ज्येष्ठाच्या) वद्य पक्षातच येतो. सगळे झाड एकदम कापू नये. तिसरा हिस्सा फांद्या त्या दिवशी, तिसरा हिस्सा दोन आठवडे आधी, आणि उरलेल्या तशाच ठेवाव्यात, म्हणजे फुलांत खंड पडत नाही. दिवस पावसाचा असेल तर उघडीप पाहून एक-दोन दिवस मागे-पुढे करावे.

जास्वंदीचा खरा शत्रू पिठ्या ढेकूण. शेंड्याची पाने चुरमडून गोळा झालेली दिसली की ती उलगडून पाहावीत. आत पांढऱ्या, मेणचट पुंजक्यांत बारीक किडी रस शोषत बसलेल्या असतात, आणि त्यांच्या अंगातून निघणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्यांची ये-जा चाललेली असते. असे शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. झाडाखाली टाकले तर किडी परत चढतात. मुंग्यांना आवर घातला की निम्मे काम होते, कारण किडी खाणाऱ्या मित्रकीटकांना मुंग्याच पळवून लावतात. या मित्रांपैकी एक ढालकिडा, क्रिप्टोलीमस, १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असतात, त्यामुळे ती पिठ्या ढेकूण समजून चिरडली जाते. थोडा वेळ निरखले तर फरक कळतो: ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी आकाराने मोठी असते आणि लगबगीने फिरत असते. तिला हात लावू नये.

मोगरा आणि त्याची भावंडे

ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, विक्रमगड-जव्हारच्या पट्ट्यात आदिवासी शेतकरी मोगरा लावतात आणि त्याच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. कळी उमलण्याआधी, पहाटे-सकाळी तोडतात, म्हणजे ती संध्याकाळी गजऱ्यात उमलते. बदलापूरची हवाही त्याच जातीची, त्यामुळे मोगरा इथे उत्तम येतो. तरीही कुंडीतला मोगरा वेलीसारखा लांबत जातो आणि फूल देत नाही, कारण त्याला ताण मिळत नाही आणि कात्री लागत नाही.

क्रम असा. नोव्हेंबरच्या मध्यावर पाणी कमी करत आणावे आणि दहा-बारा दिवस जवळजवळ तोडावे. पाने पिवळी पडून गळू लागतात, घाबरू नये. महिनाअखेरीस झुडूप जमिनीपासून दीड फुटावर कापावे, उरलेली जुनी पाने काढून टाकावीत, वाळक्या आणि आत शिरलेल्या काड्या बुंध्यापासून काढाव्यात. मग आळे उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पाणी सुरू करावे. फेब्रुवारीच्या शेवटी कळ्या दिसू लागतात आणि बहर पावसापर्यंत चालतो. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकालाच येते, म्हणून प्रत्येक बहर ओसरला की फुलून गेलेली टोके दोन पानांनी मागे खुडावीत. खुडलेल्या जागी दोन फुटी येतात आणि दोन्हींना कळ्या. मोगऱ्याला दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते नसेल तर कात्री काहीही करू शकत नाही.

जुई आणि जाई ही त्याच कुळातली, पण त्यांचा बहर उशिरा, पावसाच्या आसपास येतो. त्यांची छाटणीही उशिरा. तामिळनाडू कृषी विद्यापीठाने मोगऱ्याला नोव्हेंबरचा शेवट, जाईला डिसेंबरचा आणि जुईला जानेवारीचा शेवट अशी वेळ सांगितली आहे. एकाच मांडवावर तिघी चढवल्या असतील तर त्या एकाच दिवशी कापणे म्हणजे दोघींचा बहर बिघडवणे.

गुलाब: दसऱ्यानंतरची कात्री

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. ही बाग जिच्याकडे आहे ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० मध्ये स्थापन झाली. स्पर्धेत गुलाब मांडणारे लोक प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजून छाटणीचा दिवस ठरवतात, कारण गुलाब कापल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फुलतो. घरच्या बागेला इतकी काटेकोर तारीख लागत नाही. दसरा झाला, पाऊस गेला, जमिनीला वाफसा आला की ऑक्टोबरच्या मध्यावर गुलाब छाटावा आणि डिसेंबरच्या सुरुवातीला फुले घ्यावीत. डॉ. बी. पी. पाल यांनी गव्हाच्या तांबेराप्रतिबंधक वाणांचे काम केले, १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि याच माणसाने भारतीय हवेत तग धरणारे गुलाबही निर्माण केले. १९६८ मधल्या त्यांच्या एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभा यांचे नाव आहे.

गुलाबाची एक फांदी जवळून पाहू. तिच्यावर पान गळलेल्या जागी अर्धचंद्रासारखी खूण असते आणि त्या खुणेच्या वर लालसर, फुगीर डोळा. झुडपाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडावा, म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते आणि मध्यभाग हवेशीर राहतो. त्या डोळ्याच्या वर पाव इंच सोडून काप घ्यावा, आणि त्याचा उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावा. फार जवळ कापले तर डोळा वाळतो; फार लांब कापले तर वरचा खुंटा मरतो आणि मर खाली उतरते. आता कापलेले तोंड पाहावे. मधला गाभा पांढरा-हिरवट असेल तर फांदी निरोगी. तपकिरी असेल तर शेंडेमर आत पोचली आहे. गाभा स्वच्छ दिसेपर्यंत एकेक डोळा खाली येत कापत जावे.

शेंडेमर हा आपल्या दमट हवेत गुलाबाचा मोठा रोग. कापलेल्या टोकापासून काळपट पट्टा खाली सरकत जातो. म्हणून पावसात गुलाब कापू नये, आणि ऑक्टोबरमधल्या कापांना बोर्डो पेस्ट लावावी. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे आणि त्याच दिवशी ब्रशने लावायचे. लोखंडी भांडे घेऊ नये. फ्रान्सच्या बोर्दो भागात पिएर मिलार्देने १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठी हे मिश्रण जाहीर केले आणि महाराष्ट्रातल्या बागांत ते आजही चालते. इथे काम करते ते मोरचुदातले तांबे. नुसता ऑइलपेंट लावून काही साधत नाही. अमेरिकी वनखात्याचे अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाड जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती नव्या लाकडाची भिंत उभारून कुजका भाग कोंडून टाकते, आणि रंगाने ती कूज थांबत नाही.

कलमी गुलाबात सांध्याखालून, खुंटातून फुटवा आला तर तो मुळाशी ओढून काढावा. वरून कापला तर पुन्हा फुटतो. सात पानांची फांदी ती रानफूट, हा समज खात्रीचा नाही. कित्येक नव्या गुलाबांना सात पर्णिका असतात. माती बाजूला करून फुटवा सांध्याच्या वरून निघाला की खालून, एवढेच पाहावे.

जुन्या फांदीवर फुलणारा अनंत, आणि इतर

अनंताचा हिशोब उलटा. त्याची कळी आदल्या हंगामात तयार झालेल्या फांदीच्या टोकावर धरते आणि कित्येक आठवडे हळूहळू फुगत राहते. उन्हाळ्यातला बहर संपला की लगेच, पावसाच्या उघडिपीत त्याची हलकी छाटणी करून घ्यावी. हिवाळ्यात सगळ्या बागेबरोबर त्यालाही कात्री लावली, तर पुढच्या उन्हाळ्याच्या कळ्या कचऱ्यात जातात. अनंताला फूल येत नाही म्हणणाऱ्यांनी माती आणि ऊन तपासण्याआधी मागच्या छाटणीचा महिना आठवावा.

बोगनवेलीचा रंग फुलांचा नसतो. मधले बारीक, पांढुरके नळीसारखे ते फूल. भोवतीची रंगीत ती पाने. फिलिबेर कॉमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर ती गोळा केली आणि आपल्या मोहिमेचा प्रमुख बोगनव्हील याचे नाव तिला मिळाले. बोगनवेलीला पाणी आणि नत्र जास्त झाले की ती नुसती वाढत राहते. सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरताच लांबलेल्या काटेरी फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापाव्यात आणि नंतर पाणी बेताने द्यावे, कुंडीतली माती वरून सुकली की मगच. कोरड्या महिन्यांत ती पानांपेक्षा रंगच जास्त दाखवते.

पारिजातक पावसाच्या शेवटी आणि थंडीच्या सुरुवातीला फुलतो, म्हणून त्याची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. तगर सोशिक, वर्षभर फुलते आणि बहराच्या मध्ये कधीही थोडी कापली तरी चालते. रातराणीचा प्रत्येक बहरानंतर तिसरा हिस्सा कापला की पुढचा बहर लवकर येतो. कण्हेर आणि बिट्टी कापताना मात्र हातमोजे घालावेत. त्यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. कापलेल्या फांद्या जाळू नयेत आणि गुरे-शेळ्या पोचतील अशा जागी टाकू नयेत.

म्हातारी झुडपे आणि छाटलेल्या काड्या

दहा-पंधरा वर्षांच्या जास्वंदीचा किंवा एक्झोऱ्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि फुले दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येतात. असे झुडूप एका दमात बुंध्याशी कापू नये. पहिल्या वर्षी सर्वांत जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा जमिनीजवळ कापावा. तिथून नवे फुटवे आले की दुसऱ्या वर्षी दुसरा हिस्सा, तिसऱ्या वर्षी उरलेला. मधल्या काळातही फुले मिळत राहतात. सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची कात्री, धारदार असावे, एका पात्यावर दुसरे सरकणाऱ्या बनावटीचे; पात्यावर दाबून कापणारे हत्यार कोवळी फांदी चेचते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसावीत. अंगठ्याहून जाड फांदीला करवत.

सोसायटीच्या रांगेसाठी एक साधी सोय करता येते. मोठ्या कात्रीने माथा सपाट करण्याऐवजी माळ्याला सिकेटर द्यावे आणि सूचना फलकाशेजारी झाडांच्या नावांचा तक्ता लावावा: जास्वंद फेब्रुवारी व ज्येष्ठ वद्य, अनंत बहरानंतर लगेच, बोगनवेल सप्टेंबरअखेर, गुलाब ऑक्टोबर, मोगरा नोव्हेंबरअखेर, पारिजातक फेब्रुवारी-मार्च. माळी बदलला, समिती बदलली तरी तक्ता राहतो. पारिजातकासारख्या खोड धरलेल्या झाडाची मोठी फांदी काढायची असेल तर नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी विचारून घ्यावे. १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते.

ज्येष्ठातल्या छाटणीच्या काड्या फेकण्याचे कारण नाही, कारण काडी रुजायला पावसाळ्यासारखा काळ दुसरा नाही. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली, वीतभर लांब काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वर दोनच पाने ठेवून तीही अर्धी कापावीत, म्हणजे पाणी कमी उडते. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात काडीचा अर्धा भाग खोचून कुंडी सावलीत, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवावी. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. बोगनवेलीच्या काड्यांना वेळ जास्त लागतो, मोगऱ्याची फांदी जमिनीला टेकवून दाब कलम केलेले बरे, अनंताला गुटी कलम. रुजलेली रोपे सप्टेंबरात कुंड्यांत हलवली की शेजारच्या इमारतींतल्या ज्यांच्या गॅलरीत ऊन आहे, त्यांना देता येतात. देताना प्रत्येक कुंडीवर छाटणीचा महिना लिहिलेली पट्टी चिकटवून द्यावी.